‘लिहून द्या’ म्हणणाऱ्या वकीलताईंना

प्रिय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

पत्रात माझं नाव घालू नका, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून घालत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. घरी येऊन आभार मानले असते तर ते तुमच्या-माझ्यातच राहिले असते, आणि त्या रात्री तुम्ही जे केलंत ते इंदुरातल्या प्रत्येक आईला माहीत असायला हवं.

काय झालं ते आधी थोडक्यात सांगते. माझा धाकटा मुलगा औषधांच्या दुकानात कामाला आहे. दुकान वाढवून रात्री घरी येत होता. चौकात पोलिसांची चेकिंग चालली होती. एका पोराच्या दुचाकीची चावी शिपायानं काढून घेतली. पोरानं कारण विचारलं, तर त्याच्या कानाखाली वाजवली. माझा मुलगा थांबला, मोबाइल काढला आणि व्हिडिओ घेऊ लागला. सार्वजनिक रस्त्यावर, लांब उभं राहून. तेवढ्यावरून त्याचा मोबाइल हिसकावला, मांड्यांवर मागून लाठ्या मारल्या आणि गाडीत घालून ठाण्यात नेलं. घरी कोणी कळवलं नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्याला ओळखलं आणि निरोप पाठवला, म्हणून आम्हाला कळलं.

ठाण्यात गेल्यावर पहिलं उत्तर मिळालं, “यहाँ कोई नहीं है.” आतून मुलाचा आवाज ऐकू आला, तेव्हा उत्तर बदललं, “पूछताछ के लिए लाए हैं, सुबह आना.” गुन्हा काय, तर “शासकीय काम में बाधा”. ह्यांनी जरा जोर लावून विचारलं, तर, “ज़्यादा बोलोगे तो बाप-बेटे दोनों को एक सौ इक्यावन में बंद कर देंगे.” साठी उलटलेल्या, आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. माझे पाय गळून गेले होते. शेजारच्या वहिनींनी तुम्हाला फोन केला, आणि ओळख ना पाळख, तुम्ही स्कूटरवरून एकट्या आलात. मला म्हणालात, “काकू, रडू नका. आधी मला त्याचं पूर्ण नाव आणि त्याला कधी आणलं ते सांगा.”

मग टेबलापाशी जाऊन तुम्ही नमस्कार केलात आणि शांतपणे म्हणालात, “सर, गिरफ़्तार किया है तो मेमो दीजिए. नहीं किया है तो बच्चा मेरे साथ घर जाएगा. कानून में तीसरी कोई चीज़ है क्या?”

ताई, हे वाक्य मी विसरणार नाही. ‘पूछताछ’ या नावाखाली आपल्या शहरात किती तरी पोरं रात्र रात्र बसवून ठेवली जातात. कागदावर ती ठाण्यात नसतातच, त्यामुळे त्यांच्या अंगावरचे वळही कुठे नसतात. तुम्ही त्याच जागी बोट ठेवलंत. अटक म्हटली की तिच्यामागे कागद आला, म्हणजेच मेमो, कागदावर वेळ आली, घरच्यांची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आली. घरी कळवणं आलं, कारण सांगणं आलं, वकिलाला भेटू देणं आलं, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे सगळं आहे. प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची माहिती दर्शनी भागी लावायची, हेही त्यातच आहे. तो फलक कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही. तिथल्या दोघा पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. तुम्ही त्यांना नावं विचारून वहीत लिहून घेतलीत.

‘शासकीय कामात अडथळा’ या शब्दांना आपण सगळे भितो. त्या कलमाखाली फार तर दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही. आधी नोटीस द्यायची, अटक केलीच तर ती का गरजेची होती ते लिहायचं. अर्नेश कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे २०१४ साली बजावलेलं आहे. तुम्ही तिथे भाषण केलं नाहीत. “नोटीस दे दीजिए, हम ले लेंगे और जवाब भी देंगे,” एवढंच म्हणालात. नोटीस काही निघाली नाही.

एकशे एक्कावन्नचं मात्र तुम्ही मला नंतर बाहेर ओट्यावर बसवून समजावलंत, आणि ते सगळ्यांनी नीट वाचावं अशी माझी विनंती आहे. ते जुनं कलम आता नव्या संहितेत १७० आहे. कोणी दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात असेल आणि त्याला थांबवायचा दुसरा मार्गच नसेल, तर प्रतिबंध म्हणून अटक करायची, असा त्याचा अर्थ. उलट बोलणाऱ्याला धडा शिकवायला ते नाही. त्यातही चोवीस तासांची मर्यादा आहेच. आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आलं, तेव्हापासून अशा प्रतिबंधक प्रकरणांत बॉण्ड, म्हणजे हमीपत्र, लिहून घेण्याचे दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच आहेत. पकडणारं खातं तेच आणि बॉण्डवर सोडणारंही तेच. अशा शहरात तर प्रत्येक गोष्ट कागदावर असणं जास्तच गरजेचं, असं तुम्ही म्हणालात. मला ते पूर्ण पटलं.

मग तुम्ही अर्ज लिहायला घेतलात. फुलस्केप कागद, मध्ये कार्बन, आणि ठाण्यातल्याच बाकावर, गुडघ्यावर फाइल ठेवून. मुलाला कधी, कुठून, कोणी आणलं. मोबाइल कोणाकडे आहे. अंगावर मार आहे. वकिलाला भेटू द्यावं. रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद केली असेल तर तिचा क्रमांक सांगावा. मुंशीजी, म्हणजे ठाण्यातले लिखापढी करणारे, अर्ज घेईनात. “साहब सुबह आएँगे, तब देना.” तुम्ही म्हणालात, “ठीक है, आप इसी पर लिख दीजिए कि लेने से मना किया.” त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं. शिक्का काढला. शाईचं पॅड सुकलेलं होतं, म्हणून दोनदा दाबावा लागला. दुसऱ्या खेपेला उमटला. खाली सही आणि वेळ तुम्ही मागून घेतलीत. त्या शिक्क्यानंतर त्या खोलीतल्या सगळ्यांची बोलण्याची रीत बदललेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मोबाइलचंही तेच. “जब्ती पंचनामा दीजिए, जब्ती का वीडियो भी बना होगा,” असं तुम्ही म्हटल्यावर मोबाइल ड्रॉवरमधून बाहेर आला. झडती-जप्तीचं चित्रण करणं आता पोलिसांवरच बंधनकारक आहे, हे मला तेव्हाच कळलं.

पहाटे मुलगा बाहेर आला. मला त्याला घेऊन तडक घरी जायचं होतं. तुम्ही रिक्षा थांबवलीत आणि म्हणालात, “आधी एमवाय, मग घर.” एमवाय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एकेक वळ पट्टीनं मोजला, कुठे आहे, रंग काय आहे, सगळं एमएलसीत, म्हणजे पोलीस प्रकरणासाठीच्या वैद्यकीय अहवालात, लिहिलं. मुलगा लाजत होता. तुम्ही पाठ फिरवून दाराशी उभ्या राहिलात, पण हलला नाहीत. दोन दिवसांनी ते वळ पुसट झाले असते, मग आमच्या तोंडी सांगण्याला कोणी विचारलं असतं?

आणखी एक. ठाण्यातून निघताना पोलिसांनी मला सांगितलं होतं, “कल आप दोनों थाने आकर बयान दे जाना.” तुम्ही म्हणालात, बाईला आणि साठीच्या वरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, विचारायचं ते घरी येऊन विचारा. कोणी आलं नाही.

ताई, मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. कलम २२ मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं. त्या कलमाचा मसुदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडला होता. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमात नागरिकाला द्यायचं संरक्षण तोकडं पडलं, अशी टीका होत होती. त्याची भरपाई म्हणून अटक झालेल्याला कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या, हे त्यांनी घटनेत घालून घेतलं. आपल्या शेजारच्या महूत जन्मलेल्या माणसानं मागे ठेवलेलं हे बळ त्या रात्री माझ्या मुलाच्या कामाला आलं, आणि ते तुमच्या तोंडून आलं.

अटकेच्या मेमोची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेच्या डी. के. बसूंनी ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, की कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या येत आहेत, याकडे लक्ष द्या. ते पत्रच याचिका म्हणून दाखल झालं, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला. नावाची पट्टी, मेमो, घरी कळवणं, वैद्यकीय तपासणी, हे सगळं त्या निकालानं देशभर सक्तीचं केलं. एका पत्रावरून! त्यानंतर इतकी वर्षं गेली आणि आजही एका वकीलबाईला मध्यरात्री स्कूटर काढून यावं लागतं, तेव्हा कुठे त्या मेमोचा उच्चार होतो. याचा मला संताप आहे आणि तो मी लपवणार नाही.

आपल्या मध्य प्रदेशात तर आरोपींचं ‘जुलूस’ काढायची रीत पडली आहे. भर बाजारातून लंगडत चालवायचं, कान धरायला लावायचे, “अपराध करना पाप है, पुलिस हमारी बाप है” असं वदवून घ्यायचं. लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ पाठवतात. आमच्या गल्लीतही “बरं झालं, असंच पाहिजे” म्हणणारे आहेत. मी त्यांना विचारते, गुन्हा शाबीत कोणी केला? शिक्षा कोर्टानं द्यायची की चौकातल्या शिपायानं? एप्रिल २०२१ मध्ये याच इंदुरात मास्क नाकाखाली आला म्हणून एका रिक्षाचालकाला दोन पोलिसांनी रस्त्यात पाडून मारलं होतं, आणि त्याचं पोरगं शेजारी ओरडत होतं. तो व्हिडिओ देशानं पाहिला म्हणून त्या दोघांवर कारवाई झाली. कोणी तरी थांबून मोबाइल काढला म्हणून. माझ्या मुलानं तेवढंच केलं होतं.

त्या ठाण्यात एक वयस्क हवालदार होते. त्यांनी मुलाला पाणी दिलं आणि बसायला खुर्ची दिली. त्यांचेही आभार. सणावाराला बारा-बारा तास उभं राहणारी माणसं आहेत ती, हे मी जाणते. पण थकलेल्या माणसाच्या हातात लाठी आहे म्हणून दुसऱ्याच्या पोरानं ती खावी, हे मला मान्य नाही.

आमच्या तक्रारीवर संबंधित शिपायाला ‘लाइन अटॅच’ केल्याचं, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस लाइनीत पाठवल्याचं कळलं. लोक म्हणतात, झालं की. माझ्या मते काहीच झालं नाही. ड्यूटीची जागा बदलली, पगार तोच, थोड्या दिवसांनी दुसऱ्या चौकात तीच लाठी. म्हणून त्या रात्रीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण मागणारा अर्ज तुम्ही दिलात ते फार बरं केलंत. डिसेंबर २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलेत आणि चित्रण किमान वर्षभर जपायला सांगितलंय, त्यामुळे “डिलीट हो गया” असं सहज म्हणता येणार नाही.

फी विचारली तर म्हणालात, “जिथे खटलाच नाही, तिथे फी कसली?” ह्यांनी पाकीट पुढे केलं तर ते परत त्यांच्याच खिशात ठेवलंत. पैशांचं राहू दे. पण ज्या पोरांच्या आयांना तुमच्यासारखं कोणी माहीत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवेचा, म्हणजे सरकारी कायदेशीर मदतीचा, १५१०० हा नंबर मी आमच्या जिन्यात, किराणा दुकानात आणि मुलाच्या औषधांच्या दुकानात मोठ्या अक्षरांत लिहून लावलाय.

रविवारी चार वाजता रामबागेत बायका जमणार आहेत, तुम्ही यायचं कबूल केलंय. अर्जाचा नमुना आणते म्हणालात, त्याच्या प्रती काढायचं मी बघते. पोरांनाही पाठवा, असं मी सगळ्यांना सांगितलंय. आणि चित्रणाच्या अर्जावर उत्तर आलं की त्याच दिवशी तुम्हाला फोन करते.

तुमची,
रामबागेतली काकू
इंदूर