मे महिन्यात मी नागपूरला का आलो नाही

सातारा,
१२ जुलै

प्रिय विन्या,

पाकिटावरचं अक्षर बघून हे कुणाचं पत्र, असा प्रश्न तुला पडला असेल. माझंच आहे. दहावीला फळ्यावर सुविचार लिहायला सर ज्याला उठवायचे, त्याचंच हे अक्षर. गेले चार दिवस रोज पान-अर्धं पान लिहितोय. फोनवर सांगायला गेलो असतो तर नेहमीसारखं भलतंच काहीतरी बोलून ठेवून दिला असता, म्हणून पत्र.

तुझ्या वास्तुशांतीला मी आलो नाही. पेपर तपासायचे आहेत, असं सांगितलं. ते खोटं होतं, विन्या. माझे सगळे पेपर एप्रिलमध्येच देऊन झाले होते. तू फक्त ‘बरं’ म्हणालास आणि त्यानंतर आजपर्यंत तुझा फोन नाही. पूजेला बसायच्या आधी अण्णांनी तीनदा विचारलं, ‘सुध्या आला का?’, हे वहिनींनी आमच्या हिला सांगितलं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. एमएस म्हणतात. निदान जानेवारी २०१८ मध्ये झालं. म्हणजे इतकी वर्षं मी तुला ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून जे सांगत आलो, ते हे.

सुरुवात डोळ्यापासून झाली. उजवा डोळा हलवला की आत ठणका लागायचा आणि दोन दिवसांत समोर धुकं आलं. वर्गात लाल खडूनं रेघ मारली. डाव्या डोळ्याला ती लाल दिसत होती, उजव्याला विटकरी. मी एकेक डोळा झाकून फळ्याकडे बघत राहिलो आणि पोरं माझ्याकडे. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला पाठवलं. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके निघाले. कमरेतून सुई घालून पाणी तपासलं. मग पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टिरॉइडचं सलाइन. दीड महिन्यात नजर परत आली. लाल रंग मात्र उजव्या डोळ्याला अजून फिकाच दिसतो.

तुमच्या लिंबाच्या विहिरीवरची मोटर आठवते? उंदरांनी वायरीवरचं कव्हर कुरतडलं होतं. मोटर चांगली, फ्यूज चांगला, तरी पाणी कधी यायचं, कधी नाही. अण्णा अर्धा दिवस शोधत बसले होते. माझं तसंच आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, ते शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती खाते. मेंदूचा निरोप मग वाटेत अडखळतो किंवा पोचतच नाही. कुठली वायर कुरतडली त्यावर ठरतं डोळा, हात, पाय की लघवी. म्हणून दोन रुग्ण एकसारखे नसतात.

आता नागपूरबद्दल. ऊटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्ये लिहून ठेवलंय की अशा रुग्णांनी जरा श्रम केले की त्यांची नजर अंधूक होते. पुढे कळलं की खरं कारण अंगातली उष्णता. शरीराचं तापमान अर्ध्या डिग्रीनं वाढलं तरी कुरतडलेल्या तंतूतून निरोप जाईनासा होतो. गार झालं की पुन्हा जातो, नवीन इजा होत नाही. हे सगळं मला माहीत आहे. पण गेल्या वर्षी मे महिन्यात कराडला एका लग्नात मांडवातून जेवणाच्या पंगतीपर्यंत जाताना माझे दोन्ही पाय गेले. चार जणांनी उचलून पंख्याखाली नेलं. तासाभरानं मी उठून चालत गाडीत बसलो. लोकांना ते नाटक वाटलं असेल. आणि तुमच्याकडे त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर होता. तुझ्या नव्या घराच्या उंबऱ्यात, अण्णांसमोर मी तसा पडलो असतो तर? तिकिटं काढली होती रे. हिनं बॅगही भरली होती. आदल्या रात्री मीच नको म्हणालो.

प्रवासाचीही भीती होती, ते मी दोन दिवस लिहायचं टाळत होतो. लघवी लागली की थांबवता येत नाही. लागली आणि झाली, यात मिनिटभराचं अंतर. साताऱ्यात कुठे कुठे स्वच्छतागृह आहे, कुठलं दुपारी बंद असतं, ते मला पाठ आहे. एसटीनं पुण्याला जायचं तर आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पितो. ते चुकीचं आहे, डॉक्टर रागावतात, तरी पितो कमी.

रोजचं सांगतो. उजवी चप्पल पायातून कधी निसटते ते कळत नाही. दहा पावलं पुढे गेल्यावर तळव्याला खडे टोचतात, तेही उशिरा, तेव्हा मागे बघतो. आता मागे पट्टा असलेलीच सँडल घालतो. शर्टाची बटणं लावायला हिला हाक मारावी लागते. पहिली दोन वर्षं देवाला नमस्कार करायला मान वाकवली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत झिणझिण वीज जायची. आता ते थांबलंय, पण मान वाकवण्याआधी मी अजून क्षणभर थबकतो. थकवा तर कसा सांगू? अजिंक्यतारा चढून आल्यावर आपण दमायचो, त्यात गोडी होती, भूक लागायची. हे वेगळं आहे. आंघोळ करून बाहेर आलो की भिंतीला टेकून बसावं लागतं आणि तेव्हा सकाळचे सातच वाजलेले असतात.

शाळेत मात्र सांभाळून घेतलं. मुख्याध्यापकांनी माझे वर्ग तळमजल्यावर आणि पहिल्या चार तासांत दिले. भूमितीच्या आकृत्या आता मुलं काढतात, मी खुर्चीतून सांगतो. बाहेर तसं नाही. एकदा सकाळी भाजी आणायला गेलो, तोल जात होता, आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘सकाळी सकाळीच टाकून आलेत गुरुजी.’ माझ्यासोबत सई होती. अकरा वर्षांची आहे, तिला कळलं. तेव्हापासून ती बाहेर निघाली की माझ्या उजव्या बाजूनं चालते. कुणी सांगितलं नव्हतं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळीही खिडकीतला माणूस म्हणाला, ‘चालत तर आलात.’ २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत हा आजार नावानिशी आहे, ते मी त्याला दाखवलं. हात थरथरत होता, पण दाखवलं.

सईचं मला फार वाटतं. आजार संसर्गानं होत नाही. आई-बापांकडून थेट उतरतही नाही, पण आम्हा लोकांच्या मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. थोडाच आहे, मी गणिताचा माणूस आहे, मला ‘थोडा’ म्हणजे किती ते समजतं. तरीही तिनं डोळा चोळला की माझ्या पोटात गोळा येतो.

शेवटचा अटॅक २०२१ मध्ये आला, डावा हात पंधरा दिवस लाकडासारखा होता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी पुण्याला रितुक्सिमॅबचं सलाइन घेतो. मूळचं ते रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरचं औषध. ज्या पेशी हल्ल्यात सामील असतात त्या ते कमी करतं. नवीन ठिपका आलेला नाही. जे गेलं ते परत येईल असं कुणी म्हणत नाही आणि मीही आता विचारत नाही. पुण्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटीची शाखा आहे, तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा चप्पल निसटते म्हणणारा दुसरा माणूस भेटला. त्या दिवशी एसटीत बसून मी रडलो.

तुला का नाही सांगितलं, हे लिहायला आजचा चौथा दिवस लागला. घरी मी आजारी. शाळेत आजारी. नात्यातले लोक फोन केला की आधी आवाज मऊ करतात. तू एकटा असा होतास, की ज्याच्याशी बोलताना मी अजून दसऱ्याला तुझ्या आधी मंगळाईच्या देवळापाशी पोचणारा सुध्या होतो. तू मला शिव्या द्यायचास, ‘ये रे आळशा, विदर्भ बघून जा’ म्हणायचास. ते मला जपायचं होतं. त्यासाठी खोटं बोलत गेलो आणि मे महिन्यात त्याच खोट्यापायी तुला दुखावलं. याची मला मनापासून लाज वाटते.

अण्णांना तू सांग. त्यांना मोटरची गोष्ट सांगितलीस की सगळं समजेल.

डिसेंबरात या, सगळे या. थंडीत माझे पाय बरे असतात. अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते, वर पोचल्यावर सपाटीला मी काठी घेऊन चालतो. अण्णांना आणि मला एकाच वेगानं चालता येईल.

फोन कर. दुपारी एक ते तीन झोपलेला असतो, तेवढी वेळ सोड. शिव्या द्यायच्या असतील तर चारनंतर दे, तेव्हा मी गच्चीत असतो.

तुझा,
सुध्या