गंजाच्या पाण्याच्या बाटलीवर नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला फ्लोरिन या मूलद्रव्याच्या उपयोगांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडला म्हणून आणि दुसऱ्यांदा हवे ते सापडेना म्हणून. अॅल्युमिनियम, टेफ्लॉन, फ्रिजचा गॅस, अणुइंधन सगळे आले. पाणी न धरणाऱ्या कापडाचेही कौतुक आले. अहो, आमच्या टॉवेलने पाणी प्यायचे असते, ते कापड आमच्या काय कामाचे? फ्लोरस्पार या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून हायड्रोफ्लोरिक आम्ल मिळते आणि ते काच खाते, एवढे लिहून लेखक पुढे गेले. हेच आम्ल कापडावरचे गंजाचे डाग काढायला वापरतात, हे सोलापूरच्या वर्तमानपत्रात यायला नको होते का?

मी अकरा वर्षे एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला होते. पांढऱ्या टॉवेलवर तांबडा डाग दिसला की नग बाजूला काढायचा, डागावर औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि जुन्या टूथब्रशने हलके घासायचे. डोळ्यांदेखत डाग फिका पडतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. या आम्लातले फ्लोराइड गंजातल्या लोखंडाला धरून विरघळवते, हे मला फार उशिरा कळले. आम्ही त्याला ‘गंजाचं पाणी’ म्हणायचो. ते पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरलेले असायचे. बाटलीवर ना नाव, ना धोक्याची खूण.

२०११ साली, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हाची गोष्ट. माल पाठवायची घाई होती आणि माझ्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक पडले होते. दिवसभर काहीच जाणवले नाही. रात्री नखाखाली असा ठणका सुरू झाला की मी पहाटेपर्यंत हात धरून बसले. वरून पाहिले तर कातडी जराशी पांढरी, बाकी काही नाही. सकाळी एका दवाखान्यात भाजल्यावरचे मलम लावून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले, “बाई, हाताला काय लागलं होतं?” मी म्हणाले, “गंजाचं पाणी.” त्यांनी बाटली आणायला सांगितली. यजमान कारखान्यात जाऊन बाटली घेऊन आले, पण तिच्यावर वाचायला काय होते? विकणाऱ्याला फोन केला तेव्हा आम्लाचे नाव कळले. हे आम्ल पातळ असले तर लागताक्षणी चटका देत नाही, आत उतरते, शरीरातले कॅल्शियम धरते आणि हाडापर्यंत पोचते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात आणि ते जितक्या लवकर लागेल तितके बरे. मला ते मिळाले तिसऱ्या दिवशी. नख गेले, नवे आले ते वाकडे. भाकरी थापताना तो अंगठा अजून दुखतो.

माझी धाकटी जाऊ आजही चेकिंगला आहे. तिच्या टेबलावर तशीच बिननावाची बाटली आहे, परवाच विचारले. बाटलीवर मराठीत आणि तेलुगूत नाव लिहायला किती खर्च येतो? जेलची एक नळी प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवायला किती येतो? घाई नसेल तिथे ऑक्झॅलिक आम्लाने काम भागते. तेही विषारीच आहे, पण असे गुपचूप हाडापर्यंत जात नाही. कारखानदारांनी एवढे तरी करावे.

जाता जाता आणखी एक. फ्लोरस्पार जणू परदेशातच सापडतो असे लेख वाचून वाटते. शेजारच्या गुजरातेत आंबाडुंगरला त्याचा मोठा साठा आहे, त्याचे नावही नाही. जांभळ्या स्फटिकांच्या फोटोने मात्र अर्धे पान घेतले आहे. त्यातली चार बोटे जागा पुढच्या अंकात द्या आणि हे आम्ल अंगावर पडले तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे ते मोठ्या अक्षरांत छापा. आमच्या चेकिंगच्या बायका ते कापून भिंतीला चिकटवतील.

आपली,
एक वाचक, नीलमनगर, सोलापूर