पुस्तक मिटा आणि मग विचारा

मा. संपादक,

परीक्षा जवळ आली की आपल्याकडे घराघरात एकच सल्ला, "परत एकदा वाच". पोर वाचतं, हायलायटर घेऊन पान पिवळं करून टाकतं, आईबाबांना बरं वाटतं की अभ्यास चाललाय. आणि पेपरात साधा प्रश्न आला तरी घरी येऊन "सगळं येत होतं गं, नेमकं आठवलंच नाही". हा पोरांचा आळस नव्हे, आपण त्यांना अभ्यास करायची रीतच दिलेली नाही, म्हणून हे पत्र.

परत परत वाचलं की पान ओळखीचं होतं आणि ओळखीचं झालं की येतंय असं वाटायला लागतं, पण पेपरात पान समोर नसतं ना! 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा मात्र त्यांना 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के.

आमच्या घरी आता असंच चालतं. एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठवेल ते सगळं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. मुलीचा हृदयाचा धडा होता, कप्पे, झडपा सगळं बरोबर काढलं, पण फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरेत ऑक्सिजनवालं रक्त असतं (बाकीच्या शिरांच्या उलट) हे दर वेळी सुटायचं. वाचताना "हो हो, माहिती आहे" म्हणून ती पुढे जायची, कागदावर जागा रिकामी राहिली तेव्हा कुठे कळलं की इथेच भोक आहे. लाल शाईत जेवढं आलं तेवढाच उद्याचा अभ्यास. सुरुवातीला पोरं वैतागतात, कारण हे वाचण्यापेक्षा कठीण आहे आणि आपल्याला किती कमी येतं ते लगेच दिसतं, पण तो त्रास होतो म्हणूनच डोक्यात राहतं.

दुसरं म्हणजे मध्ये दिवस सोडायचे. जर्मनीतल्या एबिंगहाउसने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर हळूहळू. म्हणून एका रविवारी चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास आज, परवा, पुढच्या आठवड्यात असे वाटले तर जास्त टिकतं. प्रश्नांची कार्डं करून मिठाईच्या रिकाम्या डब्यांत ठेवली तरी पुरे, आलेलं कार्ड पुढच्या डब्यात, चुकलेलं परत पहिल्यात, पहिला डबा रोज आणि शेवटचा पंधरा दिवसांनी. फोनवर हवं तर अँकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट.

गणितात तर पुस्तकच घात करतं, एका स्वाध्यायात सगळी गणितं एकाच प्रकारची, मग कुठली रीत लावायची हा विचार करावाच लागत नाही, आणि पेपरात नेमकं तेच करायचं असतं. तीन-चार धड्यांतली गणितं मिसळून द्या.

हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नव्हे हो. श्रावणात आमच्याकडे गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरत्यांची तालीम सुरू होते तेव्हा घुमट (आरतीत वाजवायचं मातीचं तालवाद्य) शिकवणारे मास्तर आधी हात लावूच देत नाहीत, बोल तोंडाने म्हणायला लावतात, टाळी देऊन, कागद न बघता. मग वाजवताना अडलं की पूर्ण आरती परत नाही, जिथे हात अडखळला तेवढाच तुकडा सावकाश, आणि दुसऱ्या दिवशी तालमीची सुरुवात त्याच तुकड्याने. आमच्या भजनी मंडळातल्या कितीतरी बायका अशाच शिकल्या.

आणि एक खास आपल्या गोव्याचं. चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकलेलं पोर पाचवीत एकदम इंग्रजीत जातं, मग समजलं नाही तरी वाक्यं पाठ करतं. अशा मुलांना घरी आजीला मराठीत किंवा कोंकणीत धडा सांगायला लावा. आजीने मध्येच "म्हणजे कसं रे?" विचारलं आणि त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर त्याला कळलंय, नाहीतर परत पुस्तक उघडायचं. याला ना फी लागते ना क्लास. पूर्ण रात्र जागवणं तेवढं कृपा करून बंद करा, शिकलेलं पक्कं व्हायला झोपच लागते.

शाळांना विनंती एवढीच की दर आठवड्याला दहा मिनिटं मागच्या महिन्यातल्या धड्यांवर पाच-सहा प्रश्न पुस्तक मिटून विचारा, त्याचे मार्क रिपोर्ट कार्डात धरू नका, पालकांना कळवू पण नका. मार्क आले की भीती आली आणि मग मुलं परत घोकायलाच लागतील. पेपर मुलांनी स्वतःच तपासावा आणि चुकलेलं त्याच तासाला दुरुस्त करावं.

आपली,
एक पालक, डिचोली