खतकुंडी : शनिवारी सकाळी ८ वाजता जमणे

हरित सेनेच्या सर्व सभासदांनी येत्या शनिवारी स्वयंपाकखोलीमागच्या खतकुंडीपाशी यावे. येताना रिकामे पोते आणा. कुंडीला वास येतोय, कारण ओल्यावर सुका पाला पडतच नाही.

- एक घमेले ओला कचरा, त्यावर तीन घमेली सुका पाला. उरलेल्या खिचडीचा गोळा तसाच टाकू नका, मोकळा करा. आत हवा गेली नाही की तो आंबतो.
- खालीवर करणे : सोमवारी सातवी, शुक्रवारी आठवी.
- मूठभर खत दाबा. पाणी गळले तर पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा.
- आवारातला पाला जाळायचा नाही. पोत्यांत भरून व्हरांड्यात ठेवा. पावसाळ्यात सुका पाला शोधूनही मिळत नाही.

बिस्किटांची वेष्टने सापडली, तर मोजून त्या त्या वर्गाला परत!