राणेसाहेब जिवंत परतले होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या नावापुढे आपण ‘मरणोत्तर परमवीर चक्र’ छापलंत आणि खाली ‘हुतात्म्याला अभिवादन’. राणेसाहेब 8 एप्रिल 1948 रोजी जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी झाले होते. त्या दिवशी ते गेले नाहीत. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले, 1994 साली वारले आणि तेही पुण्यात. तुमचा अंक जिथे निघतो त्याच गावात!

मला याचा राग येतो, त्याला कारण आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, सुभेदार होते. राणेसाहेबांच्या तुकडीत ते कधी नव्हते, पण घरी त्यांचं नाव नेहमी निघायचं. सहावीत ‘माझा आवडता वीर’ या निबंधात मी राणेसाहेबांवर लिहिलं. ‘ते अजून आहेत’ या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ मारली, सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, ‘परमवीर चक्र मेल्यावरच मिळतं,’ आणि दोन गुण कापले. मी घरी येऊन रडले. दादांनी वही पाहिली, मिटली आणि एवढंच म्हणाले, ‘जिवंत आलेल्याला कोण विचारतं, बाळ.’ आज पासष्टी उलटली तरी ते वाक्य मला विसरता आलेलं नाही. काल तुमचा अंक वाचून पुन्हा तीच लाल रेघ दिसली. परमवीर चक्राच्या एकवीस मानकऱ्यांपैकी सात जणांना ते जिवंतपणी मिळालं आहे. हे शोधायला किती वेळ लागतो?

दुसरं, आपण त्यांना ‘पायदळाचे अधिकारी’ केलंत. ते सॅपर होते, 37 असॉल्ट फील्ड कंपनीचे. रस्ता सुरुंगांनी भरलेला, वरून तोफगोळे. पहिल्याच माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली. त्या पाचांत ते स्वतः. तरी जागा सोडली नाही. पुढे रणगाड्याखाली सरपटत, हातातल्या दोऱ्या ओढून आतल्या चालकाला ‘चल’, ‘थांब’ अशी खूण करत त्यांनी वाट काढून दिली. 10 तारखेला पाइनचे पाच वृक्ष रस्त्यावर आडवे टाकलेले होते, भोवती सुरुंग आणि मशीनगनचा मारा. तेही त्यांनी हटवले. 12 तारखेला राजौरी हाती आली. दादा म्हणायचे, सुरुंग काढणाऱ्याला घाई करता येत नाही आणि मागे उभ्या असलेल्यांना तर घाईच असते. चार दिवस हे केलेल्या माणसाचं काम आपण ‘शौर्याने लढले’ एवढ्यात उरकलंत.

कारवारजवळच्या चेंडियाचा हा मुलगा 1940 साली साधा शिपाई म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात लढला आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाला. म्हणजे खांद्यावर तारा लागून चार महिनेसुद्धा झाले नव्हते. हे लेखात यायला हवं होतं.

दुरुस्ती आतल्या पानावर कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. आणि पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं छापणंही आता थांबवा. माझ्या वयाच्या माणसांना ती वाचता येत नाहीत. मी तो लेख नातवाकडून वाचून घेतला आणि ‘आजी, हे आजोबा लढाईत गेले का?’ असं त्यानेही विचारलं.

आपली,
एका सॅपरची मुलगी,
खडकी, पुणे