पिच निवडताना आपली धावपट्टी बघा, आपला मे महिना बघा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत छोट्या खासगी विमानांवरचा लेख वाचला. फोटो छान होते, आणि मराठीत या विषयावर कुणीतरी एवढं सविस्तर लिहितंय याचं खरंच बरं वाटलं, पण त्यात मधेच एक वाक्य होतं की जास्त पिचचा प्रॉपेलर, म्हणजे नाकावरचा पंखा, बसवला की विमान वेगात जातं आणि पेट्रोल वाचतं म्हणून मालक लोक तोच पसंत करतात. ते वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही. खोटं नाहीये ते, पण अर्धं आहे, आणि जे अर्धं राहिलंय तेच जास्त महत्त्वाचं आहे. मी तीसेक वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढली, बहुतेक सगळी छोट्या, एका इंजिनच्या विमानांवर, म्हणून हे पत्र. लांबलं तर माफ करा, पण शक्यतो कापू नका.

आधी पिच म्हणजे काय ते सांगतो कारण लेखात ते आलंच नाही. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो तसं प्रॉपेलरनं हवेत एका फेऱ्यात जेवढं पुढं जायला पाहिजे तेवढे इंच म्हणजे पिच. स्पिनर, म्हणजे प्रॉपेलरच्या मधली टोपी, काढला की मधल्या भागावर मॉडेल नंबर ठोकलेला दिसतो. सेसना १५२ वर साधारण टीसीएम ६९५८ असं सापडतं, म्हणजे व्यास ६९ इंच आणि पिच ५८ इंच. तिच्या आधीच्या सेसना १५० वर ओसीएम ६९४८ असायचा. व्यास तोच, पिच तब्बल दहा इंच कमी, कारण १५० चं इंजिन १०० हॉर्सपॉवर द्यायला २७५० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरायचं आणि १५२ चं इंजिन २५५० लाच ११० देतं. म्हणजे पिच ही एकट्या प्रॉपेलरची गोष्ट नसते, इंजिन कुठल्या आरपीएमला ताकद देतं त्याच्याशी तिची जोडी जमवावी लागते. मग कुणी विचारतं की पिच राहू दे, व्यासच वाढवला तर? तेही जमत नाही, ७५ इंची प्रॉपेलर २७०० ला फिरतो तेव्हाच त्याची टोकं आवाजाच्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचलेली असतात, शिवाय खाली जमीन आहे.

आता छोट्या विमानांचा प्रॉपेलर बहुतेक वेळा फिक्स पिचचा असतो, उडताना पायलटला तो बदलता येत नाही. एसटीच्या ड्रायव्हरला कसारा घाटात दुसरा गिअर टाकता येतो आणि खाली सरळ रस्त्याला लागलं की टॉप टाकता येतो, या पायलटला मात्र हँगरमधून निघतानाच एक गिअर ठरवून दिलेला असतो आणि टेकऑफलाही तोच, क्लाइंबला म्हणजे चढतानाही तोच, क्रूझला म्हणजे वर सरळ उडतानाही तोच. पिच कमी ठेवली तर विमान लवकर सुटतं, चांगलं चढतं, पण सरळ उडताना इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे कमाल आरपीएमच्या, पुढं पळायला बघतं आणि थ्रॉटल मागं घ्यावा लागतो. पिच जास्त ठेवली तर वर गेल्यावर निवांत कमी आरपीएमला चांगला वेग मिळतो पण जमिनीवरून सुटताना इंजिन दबून राहतं. बदलत्या पिचचा, कॉन्स्टंट स्पीडवाला प्रॉपेलर असला की हा प्रश्न मिटतो, पण त्याची किंमत, वजन आणि ओव्हरहॉलचा खर्च छोट्या विमानाच्या मालकाला झेपत नाही.

माझ्याच हातून काय झालं ते आता सांगतो, कारण हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

चार सीटचं, १५० हॉर्सपॉवरचं जुनं विमान होतं. मालक भला माणूस, स्वतः पायलट. त्यांना क्रूझला चार-पाच नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) जास्त पाहिजे होते, म्हणून प्रॉपेलर ओव्हरहॉलला गेला तेव्हा त्यांनी पिच वाढवून आणली. मंजुरी असलेल्या वर्कशॉपमधूनच झालं सगळं. परत आल्यावर मी बसवला आणि स्टॅटिक आरपीएम घेतला, म्हणजे विमान जागेवर उभं ठेवून, चाकांना चोक म्हणजे अडण्या लावून, ब्रेक दाबून, पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फिरतं ते पाहिलं. प्रत्येक मॉडेलच्या डेटा शीटमध्ये त्याची खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते. सेसना १७२ एसच्या मॅन्युअलात उदाहरणार्थ २३०० ते २४०० आहे. आमचं विमान आधी वरच्या मर्यादेला लागून असायचं, आता खालच्या मर्यादेच्या किंचित वर आलं. मर्यादेत आहे ना, मग झालं, मी सही केली. ती जानेवारीची सकाळ होती, थंडी होती, विमान मस्त उडालं आणि मालक खूश.

मग मे आला. दुपारी अडीच-तीनची वेळ, चौघं बसलेले, टाक्या भरलेल्या, धावपट्टी खासगी, आखूड, आणि तिच्या टोकाला कुंपणापलीकडे बाभळीची रांग. मी हँगरच्या दारात उभा होतो. ते विमान रोज जिथं जमीन सोडायचं ती जागा आम्हाला पाठ होती, विंडसॉकच्या (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीच्या) बऱ्याच अलीकडे. त्या दिवशी ते विंडसॉकपाशी आलं तरी तिन्ही चाकं जमिनीवर. इंजिनचा आवाज अगदी नेहमीचा, कुठं अडखळत नव्हतं काही, फक्त वेग वाढत नव्हता. टोकाला जाऊन ते सुटलं आणि बाभळींच्या वरून इतक्या जवळून गेलं की आमचा हेल्पर खाली बसला आणि त्यानं कानावर हात घेतले. निघाले, वाचले, चक्कर मारून परत उतरले. मालक उतरल्यावर बराच वेळ पंखाच्या स्ट्रटला धरून उभे होते, बोलले नाहीत. मीही काय बोलणार, लॉगबुकात सही माझी होती आणि कागदोपत्री काहीच चुकलेलं नव्हतं.

त्या रात्री मी बसून हिशोब मांडला, तो तुमच्या वाचकांसाठी इथं देतो. आमची पट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटावर. एवढ्या उंचीवर हवेचं स्टँडर्ड तापमान १३ अंश धरतात, त्या दुपारी होतं ४४, म्हणजे ३१ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरायचे, म्हणजे ३७०० फूट झाले, त्यात मूळचे हजार. तर ते विमान त्या दुपारी ४७०० फुटांवर उभं असल्यासारखं होतं, म्हणजे महाबळेश्वरच्याही थोडं वर. एवढ्या पातळ हवेत साध्या इंजिनची ताकद चौदा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. शिवाय १५० हॉर्सपॉवर मिळतात २७०० आरपीएमला, आणि जागेवरून सुटताना प्रॉपेलर इंजिनला २३०० च्या आसपासच दाबून ठेवतो, तिथं ताकद आधीच पंधरा टक्के कमी. दोन्ही धरलं तर १५० पैकी ११० हॉर्सपॉवर हाताशी राहतात, त्याच्या वरून चार माणसं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उन्हात स्टॅटिक आरपीएम फारसा पडत नाही, कारण हवा पातळ झाली की प्रॉपेलरवरचं ओझंही जवळपास तेवढंच हलकं होतं, त्यामुळे पायलट टॅकोमीटरकडे, म्हणजे आरपीएमच्या काट्याकडे, बघतो, आकडा ओळखीचा दिसतो, सगळं ठीक वाटतं आणि ओढ मात्र कमी झालेली असते.

आता ते चार-पाच नॉट. १०५ नॉटनं दोनशे नॉटिकल मैल जायला ११४ मिनिटं लागतात, ११० नं १०९. पाच मिनिटं. मालकांना मी हे वहीच्या पानावर लिहून दाखवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात प्रॉपेलर जुन्या पिचवर आणायला परत पाठवला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पिच ठरवताना जाहिरातीतला क्रूझचा आकडा बाजूला ठेवा. आपण जिथून उडतो त्यातली सगळ्यात आखूड धावपट्टी कुठली, तिथली सगळ्यात तापलेली वेळ कुठली, आणि नेहमी किती माणसं आणि किती सामान घेऊन निघतो, हे तिन्ही एकत्र धरून जी पिच चालते ती आपली पिच. जुहूसारख्या समुद्रसपाटीच्या, डांबरी, पुरेशा लांब पट्टीवरून एकटा माणूस सकाळी सहाला लांबच्या प्रवासाला निघत असेल तर त्यानं खुशाल मर्यादेतली जास्त पिच घ्यावी, त्याच्यासाठी तुमच्या लेखातलं वाक्य बरोबर आहे. विदर्भ-खानदेशात दुपारी उडणाऱ्यानं ते वाक्य विसरावं. एक इंच पिच म्हणजे साधारण २५ ते ५० आरपीएमचा फरक असं आम्ही धरतो, म्हणजे दोन इंचांनीही विमानाचा स्वभाव बदलतो. आणि कृपा करून कुणी कानस घेऊन पातं घासून किंवा पिळून पिच बदलायचा विचारही करू नका, ते मंजूर वर्कशॉपचं काम आहे, पात्यावरची एक चुकीची खाच पुढं तडा होते आणि तुटलेलं पातं इंजिनला माउंटवरून उपटून काढू शकतं.

बदलायच्या आधी टॅकोमीटर तपासा हेही सांगायचंय, कारण जुने मेकॅनिकल टॅकोमीटर पन्नास-शंभरनं सहज खोटं बोलतात आणि लोक प्रॉपेलरला दोष देत बसतात. हातात धरायचं ऑप्टिकल यंत्र मिळतं ते उत्तम, पण आमच्या वरिष्ठांनी शिकवलेली एक जुनी युक्ती आहे. संध्याकाळी अंधार पडला की विमान हँगरबाहेर असं उभं करायचं की पायलटला प्रॉपेलरमधून समोरची जुन्या चोकवाली ट्यूबलाइट दिसेल, आणि आरपीएम हळूहळू १५०० वर न्यायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, दोन लुकलुकींच्या मधे दोन पात्यांचा प्रॉपेलर बरोबर पाव फेरा फिरतो, म्हणून डोळ्यांसमोर चार पात्यांची फुली हवेत थांबलेली दिसते. फुली थांबली आणि काटा १५०० वर आहे तर टॅकोमीटर खरा. फुली थांबली आणि काटा १५६० दाखवतोय तर तो साठनं जास्त दाखवतोय. नव्या एलईडीवर हे होईलच असं नाही. आणि हे फक्त कॉकपिटमध्ये बसून करायचं, फिरणाऱ्या प्रॉपेलरच्या पुढं कुणीही उभं राहायचं नाही, ती थांबलेली फुली थांबलेली नसते.

दुसरं, कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ ला मेक इन इंडियात बीकेसीला ते लोकांनी पाहिलं तेव्हापासून इंजिनिअरिंगची मुलं मला येऊन भेटतात, स्वतःचं छोटं विमान बांधायचंय म्हणतात, मला फार आनंद होतो. पण घरी बांधलेल्या विमानाला डेटा शीट नसते, तिथं पिच आपणच शोधायची असते. बरीच मुलं रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन धरतात, १०० हॉर्सपॉवर, ५८०० आरपीएम फक्त पाच मिनिटं, सतत ५५०० पर्यंत, आणि जमिनीवर पातं फिरवून त्याच्या कोनाचा अंश, म्हणजेच पिच, बदलता येतो असा प्रॉपेलर. त्यांना मी सांगतो की सरळ उडताना पूर्ण थ्रॉटलला ५५०० च्या आसपास मिळाले पाहिजेत, ५२०० च्या खालीच अडकत असेल तर पिच जास्त आहे, इंजिन दमतंय. आणि अंश बदलताना सगळ्या पात्यांवर मुळापासून टोकाकडे पाऊण अंतरावर चिकटपट्टीची खूण करून डिजिटल प्रोट्रॅक्टरनं तिथंच मोजायचं, अर्ध्या अंशाचा फरक राहिला तरी सगळं विमान थरथरतं.

शेवटी एक विनंती तुमच्या वार्ताहरांना. छोटं विमान धावपट्टीबाहेर गेलं की बातमीत 'तांत्रिक बिघाडामुळे' असं छापून येतं. आमच्या त्या दुपारी बाभळी आणखी दहा फूट उंच असत्या तर आमचीही बातमी तशीच आली असती, आणि बिघाड कुठंच नव्हता, इंजिन ठणठणीत होतं. पुढच्या वेळी तापमान किती होतं, किती माणसं बसली होती, पट्टी किती लांब होती आणि प्रॉपेलर कुठल्या पिचचा होता एवढं तरी विचारा. आणि त्या लेखातल्या वाक्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापलीत तर फार बरं होईल, कारण ज्याला जुनं विमान घ्यायचंय तो तेच पान कापून ठेवणार आहे.

कळावे,
आपला जुना वाचक
(निवृत्त विमान मेंटेनन्स इंजिनिअर), नागपूर