फोडणीच्या भातालाच शिळं म्हणून नावं ठेवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, ‘हाउस’ या क्लबात नाचायच्या संगीताच्या नव्या रेकॉर्ड्सवरचा लेख वाचला. ‘जुनंच पुन्हा फोडणी देऊन वाढलंय’ हा त्यातला मुख्य आक्षेप. अहो, पण हाउस म्हणजे मुळातच फोडणीचा भात! जुलै १९७९ मध्ये शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांची रास स्फोट करून उडवली. डिस्को मेलं, असं ठरवून लोक मोकळे झाले. त्याच शहरातल्या ‘वेअरहाउस’ क्लबात डीजे फ्रँकी नकल्स मात्र त्या तबकड्या वाजवत राहिला. हवा तो तुकडा लांबवायचा, पुढे पुढे खाली ड्रम मशीनचा ठेकाही सोडायचा. क्लबाच्या नावाचं शेपूट म्हणजेच ‘हाउस’.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. गणपतीत आम्ही कॉर्ग एम-वन हा कीबोर्ड भाड्याने आणायचो. तो १९८८ चा. त्यातला ऑर्गनचा एक टोन खालच्या सप्तकात दाबला की मंडपाच्या फळ्या थरथरायच्या. गायिका रॉबिन एस.च्या ‘शो मी लव्ह’चं १९९३ मध्ये गाजलेलं रीमिक्स त्याच टोनवर उभं आहे. परवा भाचीने बियॉन्सेचं २०२२ चं ‘ब्रेक माय सोल’ ऐकवलं, तर माझी बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली. आणि त्या गाण्याच्या श्रेयात ‘शो मी लव्ह’ लिहिणाऱ्या दोघांची नावं आहेत. मग उचलेगिरी कसली?

माझी तक्रार वेगळीच आहे. आता तोच टोन कॉम्प्युटरवर आयता मिळतो आणि गाणं अडीच-तीन मिनिटांत आटोपतं. ठेका अंगात भिनायच्या आत! यावर लेखात अवाक्षर नाही.

मुंबईचाही उल्लेख नाही, ते जास्त खटकलं. १९८२ मध्ये चरणजीत सिंग यांनी इथे रोलँड कंपनीचं ८०८ हे ड्रम मशीन आणि ३०३ हे बेसचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. भैरवी, यमन, मालकंस, सगळे. रेकॉर्ड पडली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या ग्रुपने त्याच ३०३ ची बटणं पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढला, त्यातून ॲसिड हाउस हा हाउसचाच एक प्रकार आला. सिंग यांची तबकडी २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा कुठे लोकांनी तारखा ताडून पाहिल्या: सिंग पाच वर्षं आधी! २०१५ मध्ये ते गेले. पुढच्या रविवारी त्यांच्यावर एक चौकट तरी द्या. लेखकांना म्हणावं, आधी मालकंस ऐका, तोही मोठ्या स्पीकरवर.

– एक जुना कीबोर्डवाला, डोंबिवली (पूर्व)